डबा उघडण्याचा नियम

भाद्रपदाची पौर्णिमा जवळ आली की आमच्या अल्लीपूरच्या घरात संध्याकाळी कुणाचे पाय जमिनीवर ठरत नसत. शाळेतून येताच दप्तर कोपऱ्यात टाकायचे, हातपाय धुवायचे आणि टिपऱ्यांची जोडी शोधायला लागायचे. ती हमखास चुलीमागच्या सरपणात सापडे, कारण आईच्या लेखी त्या दोन काटक्याच असत. कुंभाराकडून आणलेली मातीची भुलाबाई आणि तिच्या शेजारचा फेटेवाला भुलोजी मधल्या खोलीच्या कोनाड्यात बसत. तेथपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या आम्ही साऱ्या मुली रोज एकेका घरी जमून गाणी म्हणत असू, टिपऱ्या खेळत असू, आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखत असू. गाणी मला सगळी पाठ होती. पण चारचौघींत माझा आवाज फुटत नसे. घोळक्याच्या मागच्या अंगाला उभी राहून मी नुसते ओठ हलवी आणि कुणाच्या ते लक्षात येऊ नये म्हणून टिपऱ्या जरा जोराने वाजवी. खिरापतीची वेळ आली की मात्र तीही भीती विसरायला होई.

खिरापत ओळखण्याचा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाणी संपली की घरची बाई झाकण लावलेला डबा पदराआड धरून बाहेर येई आणि आमच्या कानाशी एकदाच हलवी. मग आम्ही विचारायचे: गोड की तिखट? तळलेले की भाजलेले? चावायचे की चघळायचे? तिने हो, नाही किंवा दोहोंतला एक शब्द, एवढेच म्हणायचे. ओळखले तर आमची जीत, आणि त्या जितीचा गलका वेशीपर्यंत ऐकू जाई. नाहीच ओळखता आले तर सगळ्यांनी एकमुखाने ‘हरलो’ म्हणायचे. ते म्हटल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, हा नियम अगदी कडक. पण तो शब्द कुणाच्याच तोंडून सहजी निघत नसे. माझी मैत्रीण प्रमिला तर हटून बसे. ठाऊक असलेल्या साऱ्या पदार्थांची नावे संपली की ती न ऐकलेल्या पदार्थांची नावे रचू लागे, आणि डबेवाली बाई हसून हसून भिंतीला टेके.

माझी आई या खेळातली पक्की डावपेची होती. मुरमुऱ्यांच्या डब्यात ती एक सुपारी टाकी, म्हणजे आवाज फसवा येई. करंज्यांचा डबा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळी, म्हणजे आवाजच येत नसे. तिला हरवणारा सबंध गल्लीत एकच होता, आणि तो खेळात धरला जात नसे, कारण तो मुलगा होता. माझा भाऊ मनोहर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणे. आमचे कापडाचे दुकान पुढे आणि घर मागे. मधल्या दाराशी कापडाच्या गठ्ठ्यांवर पाय पसरून तो बसलेला असे. पुढे बाबांच्या हातातला कापड मोजायचा लोखंडी गज खणखणे, तागा टर्रकन फाटे, गिऱ्हाइकांची घासाघीस चाललेली असे, आणि त्या साऱ्या कल्लोळातून दादाला डब्याचा आवाज बरोबर ऐकू येई.

“शेंगदाण्याचे लाडू!” तो दारातून ओरडे. “अन् आईनं तळाशी फडकं टाकलं हाये!”

“तुले कोणं विचारलं बे?” प्रमिला टिपरी उगारून धावे. “पोट्टा असून भुलाबाई खेळून राह्यला! लाज नाई वाटत?”

“तुले नाई येत त मी काय करू वं? कानात बोळे घालून येतं काय?”

आई लटक्या रागाने डबा उघडी. आत लाडूच असत, तळाशी फडकेही असे, आणि आरडाओरड्यात पहिला लाडू दादाच्या हातात गेलेला असे.

ज्या वर्षाविषयी मी लिहायला बसले आहे, त्या वर्षी दादा मॅट्रिकच्या वर्गात होता. पावसाळ्याच्या मध्यापासूनच त्याचे काहीतरी बिनसले होते, पण घरात सर्वांना दिसत होते ते त्याचे उपद्व्याप. दुकानात नुकत्याच आलेल्या पॉपलिनच्या ताग्यावर त्याने कैची चालवली. सरळ नव्हे, आडवीतिडवी. “काऊन रे?” बाबांनी विचारले. “असंच,” तो म्हणाला. शेजाऱ्यांची सायकल न विचारता घेऊन तो वडनेरपर्यंत गेला आणि पुढचे चाक वाकवून परतला. आणि मग आले ते घंटेचे प्रकरण. आमच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता. तिसऱ्या तासाला दादाने वर्गातून उठून तो बडवायला सुरुवात केली. शाळा सुटली असे समजून पोरे आरोळ्या ठोकत मैदानात आली, मास्तर खडू हातात घेऊन मागे धावले, धुळीचा लोट उठला. माझ्या लहानशा आयुष्यात इतका आनंदाचा गोंधळ मी पाहिला नव्हता. सबंध शाळा हसत होती. मीही हसत होते, आणि हसताहसता दादाकडे पाहिले तेव्हा थबकले. हातातला हातोडा खाली सोडून तो उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. गंमत त्याने केली होती, पण त्या गमतीत तो नव्हताच.

हेडसरांनी बाबांना बोलावून सांगितले की यापुढे असे काही झाले तर नाव काढावे लागेल. घरी ज्याच्या त्याच्याजवळ उत्तर तयार होते. “माज आला हाये पोट्ट्याले,” बाबा म्हणत. “संगत,” काका म्हणत. बाबांचे हे धाकटे भाऊ देवळीला कापडाचेच दुकान चालवत आणि दर बाजाराच्या दिवशी माल घेऊन अल्लीपूरला येत. “तुम्ही त्याले माझ्याकडे पाठवा. गादीवर बसवतो. महिनाभरात सरळ नाई केला त मले सांगजा.” आईच्या मते नजर लागली होती, तिने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. दादा हे सारे ऐके. शाळेतून आला की भिंतीकडे तोंड करून पडे. त्याच्या आवडीच्या झुणक्याचे ताट समोर आले तर भाकरीचे तुकडे करत बसे, तोंडात एकही जात नसे. पण हे उपद्व्याप नव्हते, म्हणून त्याची चर्चा होत नसे.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती, आणि ती इतकी बारीक होती की कुणाला सांगण्याचे धैर्य झाले नाही. भुलाबाई बसल्या, डबे वाजू लागले, आणि दादा ओळखत नव्हता. गठ्ठ्यांवर तो पूर्वीसारखाच बसलेला असे. आई डबा हलवी, क्षणभर दाराकडे बघे, आम्हीही बघत असू. आणि दारातून काहीही येत नसे. आज माझ्या नात्यातली, ओळखीतली तरुण आईवडील मंडळी मुलांविषयी बोलायला येतात. उलट बोलतो, दार आपटतो, मोबाइल फेकला, असे ती सांगतात. हे सगळे ऐकून घेतल्यावर मी एकच विचारते, की पूर्वी त्याला जे फार आवडे ते तो अजून करतो का? बहुतेकांना थोडा वेळ आठवावे लागते.

आमच्या घरची पाळी बाजाराच्या आदल्या दिवशी आली. आईने त्या दिवशी सांजोऱ्या केल्या होत्या. रवा भाजल्याचा वास दुपारपासून घरभर दरवळत होता. गाणी रंगली, टिपऱ्यांचा ठेका असा जमला की कोनाड्यातली समई थरथरू लागली. आई डबा घेऊन आली. आमचे प्रश्न सुरू झाले, गलका वाढला, आणि प्रमिला नेहमीच्या सवयीने दाराकडे वळून म्हणाली, “काऊन बे, आता कान बंद पडले काय तुझे?”

दादा उठला, सरळ आत आला, आईच्या हातातला डबा त्याने ओढून घेतला आणि अंगणात भिरकावला. झाकण एकीकडे, सांजोऱ्या एकीकडे. मुली टिपऱ्या टाकून पळाल्या. बाबा गज हातात घेऊनच आत आले. त्यांनी तो उगारला, पण आई मध्ये उभी राहिली, तेव्हा हात खाली घेतला. “बस झालं,” ते म्हणाले. “उद्या बाजारी तुझा काका येते. त्याच्यासंग देवळीले जायचं. शाळा बंद, नाव काढून टाकतो.” दादा मागच्या कोठीत गेला. तेथे गठ्ठे ठेवलेले असत. त्याने आतून कडी लावून घेतली. आईने दाराशी ताट नेले, हाका मारल्या. “भूक लागली की येईल,” बाबा म्हणाले. सकाळ झाली तरी तो बाहेर आला नव्हता. आईने डोळे पुसत त्याचे कपडे एका पत्र्याच्या पेटीत भरले आणि पेटी दुकानाच्या दाराशी नेऊन ठेवली.

बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असे. दुपारी मी घरी आले तेव्हा काकांची बस येऊन गेली होती. ते गादीवर बाबांच्या शेजारी बसले होते, दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागली होती, आणि परतीच्या बसला फारसा अवकाश नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले. काय करायचे ते मी ठरवले नव्हते. हातांनीच ठरवले असावे. कालचा पोचा पडलेला डबा घेतला, त्यात मूठभर फुटाणे घातले, एक सुपारी टाकली, झाकण लावले आणि कोठीच्या दाराशी जाऊन तो हलवला.

पुन्हा हलवला. दाराच्या फटीला कान लावला. तिसऱ्यांदा हलवण्यासाठी हात उचलला आणि आतून आवाज आला, अगदी बसका.

“फुटाणे. अन् सुपारी टाकली तू. आईची नक्कल करून राह्यली.”

त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याला तोड नाही. मी तिथल्या तिथे उडी मारली आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे धावले. मुरमुरे. ओळखले. वाल. ओळखले. हरभऱ्याची डाळ आणली, तर म्हणाला, “डाळ हाये. कच्ची डाळ कोणं खिरापतीत ठेवते वं, येडी?” त्या ‘येडी’ने मला पंख फुटले.

“आता तुझा डबा,” मी म्हणाले.

“माझ्याजवळ कायचा डबा?”

“तुझ्याजवळ हाये. मी विचारते, तू हो नाई म्हण.”

त्याने नाही म्हटले नव्हते, म्हणून मी दाराला पाठ टेकून बसले आणि विचारायला सुरुवात केली. राग आहे? नाई. कोणी मारले? नाई. अभ्यासाची भीती? नाई. कोणाशी भांडण? नाई. प्रमिलाचा राग? “नाई वं.” दुखते? “हो.” डोके? नाई. पोट? नाई. खिरापतीचेच प्रश्न मला सुचत होते, तेच मी पुढे चालवले. हलके की जड? “जड.” सकाळी जास्त की संध्याकाळी? “सकाळी.” घंटा वाजवली तेव्हाही होते?

“तेवढा वेळ नव्हतं,” तो म्हणाला. हो-नाहीपेक्षा मोठे असे ते त्याचे पहिले वाक्य. “कैची चालवली तेव्हाबी नव्हतं. मंग अजून जड झालं.”

मला वाटले, आता ओळखलेच. मी भराभर विचारत गेले, आणि प्रत्येक प्रश्नाला नाई येत गेले. प्रश्न संपले. प्रमिला असती तर तिने नवी नावे रचली असती. माझ्याकडे तेवढी कल्पनाशक्ती नव्हती. “हरली मी, दादा,” मी म्हणाले. “सांग.”

आत गठ्ठ्यांची सळसळ झाली. कडी निघाली. दादा दारात येऊन बसला, उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. कालपासून पाणीही न घेतल्याने त्याचे ओठ सुकले होते. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “सकाळी डोळे उघडतात न, तेव्हा वाटते, नसते उघडले त बरं झालं असतं. रोज वाटते. काऊन वाटते ते मले माहीत नाई. काई झालंच नाई मले. काई झालं असतं त सांगतलं असतं.”

मी लहान होते, पण हे पोटात ठेवायचे गुपित नाही एवढे मला कळले. “बाबाले सांगू?” मी विचारले. “मारतील,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सांग.”

मधल्या दारापासून गादीपर्यंतचे अंतर ते किती! पण त्या दिवशी मला ते ओलांडताच येईना. दुकान भरलेले. एका बाईचे लुगडे मापून झाले होते, बाबांनी त्याला कैचीने छोटी चीर देऊन फाडायला सुरुवात केली होती. काका म्हणत होते, “बसची वेळ झाली, पोट्ट्याले काढा बाहेर.” आजवर या माणसांसमोर मी पाण्याचा पेला ठेवून पळाले होते, एवढाच माझा त्यांचा संबंध. मी दाराची चौकट धरली आणि तोंड उघडले. घोळक्यात कधी फुटला नव्हता तो आवाज असा फुटला की गिऱ्हाइके वळून बघू लागली.

“बाबा, दादाले देवळीले नका पाठवू! त्याले माज नाई आला. त्याले सकाळी उठावंच वाटत नाई. त्याले जगावंच वाटत नाई, बाबा!”

लुगडे अर्धे फाटून बाबांच्या हातात राहिले.

“नाटकं हायेत हे,” काका म्हणाले. “देवळीले न जायचे बहाणे.”

“तुले कोणं सांगतलं?” बाबांनी मला विचारले.

“त्यानंच. मी इचार इचार इचारलं. मले नाई ओळखता आलं. मंग त्यानं सांगतलं.”

बाबा उठले. गज गादीवरच राहिला. ते कोठीकडे गेले, मी मागोमाग. दादा त्यांना पाहून अंग चोरून सरकला. बाबांनी धोतर सावरले आणि ते उंबऱ्यावर बसले. कापडाचा व्यापारी माणूस, हाताने चाचपून सुताचा नंबर सांगणारा. त्यांना न कळलेली गोष्ट त्यांनी कधी कबूल केल्याचे मी ऐकले नव्हते. त्यांची नजर दादाच्या पायांवर होती.

“मले काई समजून नाई राह्यलं, मनू,” ते म्हणाले. “मी आपलं बोलत गेलो. तू सांग आता. मी मधात नाई बोलत.”

आणि ते खरोखरच मध्ये बोलले नाहीत. दादा काय काय बोलला ते मी सगळे ऐकले नाही. आईने मला हाताला धरून बाजूला नेले आणि स्वतः दाराआड उभी राहिली. मला फक्त दादाच्या रडण्याचा आवाज आला. भीतीऐवजी मला भलताच हुरूप आला, कारण कितीतरी दिवसांत त्याचा तो पहिला मोकळा आवाज होता.

त्यानंतर सगळे एका दिवसात बरे झाले असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी या दुखण्याला नाव आहे, औषध आहे, आणि उपद्व्याप हीदेखील त्याचीच एक तऱ्हा असू शकते, असे बाबांना समजावले. “पोरगं मोडतोड करते तवा त्याच्या आत काईतरी मोडलं असते,” असे बाबा पुढे आपल्या भाषेत लोकांना सांगत. औषध कित्येक महिने चालले. दादा मॅट्रिकला एक वर्ष उशिरा बसला, पास झाला, आणि पुढे आयुष्यात आणखी दोनदा ते जडपण परतून आले तेव्हा तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे गेला. काकांनी कधी चूक कबूल केली नाही. मात्र दर बाजारी ते दादासाठी देवळीहून पेढे आणू लागले आणि कुणाशी न बोलता ते त्याच्या उशाशी ठेवू लागले.

पण माझे मन त्या दुपारवरच रेंगाळते. बाबा कोठीतून बाहेर आले, तोंडावर पाणी मारले आणि गिऱ्हाइकांना हात जोडून म्हणाले, “आज माफी करा.” मग त्यांनी दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या. भर बाजाराच्या दिवशी, ऐन दुपारी! आमच्या दुकानाच्या फळ्या अशा दिवशी कधी लागल्याचे कुणी पाहिले नव्हते. बाजारी दुकान बंद करायचे ते घरात मयत झाली तरच. पहिल्या फळीच्या आवाजासरशी समोरच्या भांड्यांच्या दुकानातली माणसे उठून उभी राहिली. भाजीवाल्या बायकांनी माना वळवल्या. काका आधी तसेच बसून राहिले, आणि मग उठून मुकाट्याने एकेक फळी बाबांच्या हाती देऊ लागले. आई दादाला धुतलेला सदरा घालून बाहेर घेऊन आली. ऊन इतके लखलखीत होते की त्याने डोळ्यांवर हात धरला. पेटी दाराशीच राहिली. बाबांनी ती पायाने आत सरकवली.

समोरचा भांडेवाला धावत रस्ता ओलांडून आला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

“शेटजी, काय झालं? कोणी गेलं काय?”

बाबांनी शेवटची फळी खाचेत बसवली आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

“नाई,” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की सबंध बाजाराने ऐकले. “कोणी नाई गेलं.”